बोर्तोलोचं स्टूल

आमच्या परसात, ढाबळीच्या भिंतीला लागून, एक तीन पायांचं स्टूल असायचं. खाणीत छताला टेकू म्हणून लावतात त्या लाकडाचं, बाबांनी स्वतः ठोकलेलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे बसणारा माणूस जरा डावीकडे कललेला दिसायचा. त्या स्टुलावर बोर्तोलो पेसेंती नावाचा इटालियन खाणकामगार पाच वर्षं, शर्यतीच्या मोसमातल्या दर रविवारी, शिक्षा भोगत बसला. शिक्षा कोर्टानं नव्हे, माझ्या बाबांनी ठोठावली होती. गुन्हा असा होता की आमच्या चाळीतल्या लोकांनी त्यापेक्षा खून परवडला म्हटलं असतं.

त्यानं बाबांचं कबूतर खाल्लं होतं.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या ब्वा-कार्लिएमध्ये कोणी हसलं नव्हतं. ज्या गावात माणसं आयुष्यभर जमिनीच्या हजार मीटर खाली रांगतात, त्या गावात रविवारी वर बघायला काहीतरी लागतं. आमच्याकडे ती कबुतरं होती. बाप मुलाचा वाढदिवस विसरेल, पण कुठली मादी कुठल्या अंड्यातून निघाली ते विसरणार नाही.

मी मारिएत, फेर्नां लकॉकची मुलगी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि खाणीच्या दिवेघरात कामाला होते. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नंबरचा दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा आणि खिळ्याला अडकवायचा, एवढंच काम. पाळी सुटल्यावर सगळे खिळे भरले की आम्ही शाली गुंडाळून घरी जायचो. एखादा खिळा रिकामा राहिला तर कोणी जायचं नाही. बोर्तोलोचा नंबर होता चारशे बारा. दिवा घेताना तो टोपी काढायचा. तसं दुसरं कोणी करत नसे, म्हणून तो लक्षात राहिला.

आमच्या चाळीत कोणी कोणाला नावं ठेवायची, याचा एक ठरलेला क्रम होता. माझी आई गोदलिव्ह ही फ्लेमिश, म्हणजे याच देशाची, फक्त उत्तरेकडची. तरी लग्न होऊन आली तेव्हा नळावरच्या बायका तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "फ्लेमिश बाई आणि बटाटा, दोन्ही मातीतनं काढलं की आधी धुवावं लागतं." मग पोलिश लोक आले आणि नळावरचं बोट त्यांच्याकडे वळलं. लढाईनंतर इटालियन आले, तेव्हा पोलिश बायकाही हुश्श करून आमच्या बायकांत मिसळल्या आणि सगळ्या मिळून 'माकारोनी' म्हणू लागल्या. सगळ्यात जोरात म्हणायची माझी आई. सासुरवास भोगलेली बाईच कडक सासू होते, हे मी घरातच शिकले.

बोर्तोलोही यात काही कमी नव्हता. कोणी त्याला माकारोनी म्हटलं की तो लाल व्हायचा. "मी जन्मात माकारोनी खाल्लेली नाही! आम्ही बेर्गामोच्या डोंगरातले. आम्ही मक्याच्या पिठाची पोलेंता खातो. माकारोनी ती खालची माणसं खातात, सिसिलीची!" आमच्या लेखी बेर्गामो काय नि सिसिली काय, दोन्ही एकाच पिशवीतले कांदे.

हे इटालियन आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे, पत्र्याच्या शेडींत राहायचे. लढाईत तिथे आधी रशियन कैदी आणि मग जर्मन कैदी ठेवले होते. कंपनीनं पत्रा बदलला नाही, फक्त काटेरी तार काढली. ज्या गुत्त्यात सोसायटीची, म्हणजे कबुतरवाल्या मंडळाची, बैठक भरायची, त्याच्या दारावर पाटी होती : 'कुत्री व परदेशी यांना मनाई'. कुत्री कधीकधी आत जायची.

बावन्न सालच्या जुलैत बाबांनी करडीला बार्सिलोनाला पाठवलं. करडी म्हणजे त्यांची राखी रंगाची मादी. शुक्रवारी सकाळी तिकडे हजारो पक्षी एकदम सोडतात आणि मग ज्याचा त्याला रस्ता. डोंगर, ससाणे, शिकारी, उलटा वारा, आणि हजार किलोमीटरच्या पलीकडे एवढीशी एक लाकडी ढाबळ. लढाईची वर्षं सोडून बारा वर्षं बाबा दर वर्षी एक पक्षी बार्सिलोनाला पाठवत होते आणि बारा वर्षांत एकही परत आला नव्हता. लोक म्हणायचे, फेर्नां स्पेनच्या मांजरांना पोसतो.

त्या वर्षी वारा फारच वाईट होता. शनिवारी पूर्ण सोसायटीत एकही पक्षी आला नाही. रविवारी तर चाळ श्वास रोखून होती. अशा रविवारी आमच्याकडे दोरीवर पांढरं कापड वाळत घालत नाहीत, पक्षी बुजतो. खिडकीत गादी टाकत नाहीत, कुत्री बांधतात, पोरं चेंडू खेळत नाहीत. पाद्रीबाबासुद्धा प्रवचन आवरतं घेतात, कारण त्यांची स्वतःची चार कबुतरं होती. बाबा पहाटेपासून परसात, पक्षी दिसला की वाजवून बोलवायला, मक्याचा डबा हातात धरून उभे. संध्याकाळी देवळाची घंटा झाली तेव्हा आईनं हाक मारली, "अहो, खोकताय किती! दहा मिनिटं आत या. सूप घ्या नि मग मरा तिथे जाऊन." बाबा आत आले. दहा मिनिटंच बसले.

करडी आली नाही. सोमवारी सकाळी दुसऱ्या गल्लीतला एक पक्षी आला, पहिला ठरला. बाबा मात्र सोमवारी, मंगळवारी, पाळीवरून आले की परसात उभे राहून डबा वाजवत होते. खुळ खुळ खुळ. मी आतून ऐकायचे आणि मला दिवेघरातला रिकामा खिळा दिसायचा.

बुधवारी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर चारशे बारा नंबर उभा. आंघोळ केलेला, रविवारचा कोट घातलेला, टोपी हातात.

"मोस्यू लकॉक आहेत?"

आई म्हणाली, "मागच्या दारी जा. इथून परदेशी आत येत नाहीत." पण बाबा उठून आले होते. बोर्तोलोनं खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. त्यात दोन वळी होती. एक ॲल्युमिनियमचं, पक्ष्याच्या पायात जन्मापासून असतं ते, आणि एक रबरी, शर्यतीला घालतात ते.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. त्याची भाषा तेव्हा फार तुटकी होती, प्रत्येक शब्द जणू खिशातून शोधून काढायचा. "तुम्ही डबा वाजवता. मी खाणीत पोलिश माणसाला विचारलं, हा माणूस रोज काय वाजवतो? तो हसला. मग त्यानं सांगितलं."

"कुठे आहे ती?" आईनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "आम्ही खाल्ली, बाई. पोलेंताबरोबर. चौघांनी."

ते 'चौघांनी' ऐकून मला आजही कळत नाही की हसावं की रडावं. आई मात्र अशी किंचाळली की शेजारची खिडकी उघडली. "खाल्लीत? अहो ऐकलंत का? हे राक्षस आता आपल्यालाही खातील!"

बोर्तोलोला सांगायचं होतं ते त्यानं सांगितलंच. त्याचा बाप डोंगरावर पाखरं पकडायचा. जाळी लावून, शीळ घालून. त्यांच्याकडे तो मानाचा धंदा होता. कुठलं पाखरू कुठल्या शिळेला भुलतं ते बोर्तोलो चालायच्या आधी शिकला होता. रविवारी शेडीच्या पत्र्यावर एक दमलेलं कबूतर येऊन बसलं. त्यानं शीळ घातली आणि ते सरळ त्याच्या हातावर आलं. "घाबरलंच नाही, मोस्यू. मला वाटलं, देवानं पाठवलं." आठवडाभर फक्त बटाटे खाल्लेल्या चार माणसांना दुसरं काय वाटणार?

 मला वाटलं आता बाबा हात उचलतील. त्यांनी विचारलं, "कधी?"

"रविवारी."

"ते कळलं. किती वाजता?"

"संध्याकाळची घंटा झाली. मग थोड्या वेळानं."

बाबा खुर्चीवर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. मग त्यांनी आईकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता तसा झाला.

"आली होती," ते म्हणाले. "गोदलिव्ह, ती आली होती! रविवारी संध्याकाळी! सगळ्यांच्या आधी!"

आणि माझे बाबा, ज्यांनी सख्ख्या भावाला खाणीतून बाहेर काढताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते टेबलावर डोकं ठेवून रडले. दुःखानं नव्हे. मी शपथेवर सांगते, आनंदानं. बारा वर्षांत पहिल्यांदा एक पक्षी त्यांच्याकडे परत आला होता. तो वीस पावलं अलीकडे उतरला, एवढंच.

मग त्यांनी बोर्तोलोला समोर बसवलं. पुढल्या दरवाजातून आलेला, आमच्या स्वयंपाकघरात बसलेला तो पहिला परदेशी. आणि बाबा त्याला विचारत सुटले.

"कुठल्या अंगानं आली?"

"खाणीच्या दगडमातीच्या त्या काळ्या डोंगराच्या उजवीकडून. खालून, अगदी खालून. पत्र्यांना घासून."

"पंख?"

"डावा लोंबत होता."

"चोच उघडी होती?"

"उघडी. आणि छातीला इथं रक्त, वाळलेलं."

"ससाणा," बाबा पुटपुटले. "ससाण्यानं धरलं तिला, आणि तरीही सुटून आली. फाटलेली छाती घेऊन हजार किलोमीटर आली रे." त्यांनी बोर्तोलोचा उजवा हात टेबलावर ओढला आणि पालथा करून बघितला. "या हातावर बसली?"

"याच."

बाबा त्या हाताकडे पाहत राहिले. देवळात ठेवलेल्या एखाद्या संताच्या हाडाकडे म्हाताऱ्या बायका बघतात ना, तसे. मला तेव्हा काहीतरी झालं. एवढंसं पाखरू, मुठीत मावणारं, त्याला कोणी रस्ता सांगितला नाही, आणि ते मरणाच्या दारातूनसुद्धा घरी येतं. आणि ज्यानं ते मारलं तोच त्याला येताना पाहणारा एकटा साक्षीदार. 

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. घंटा झाल्यावर बाबांना आत कोणी बोलावलं, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. बाबा त्यावर पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून शर्यतीच्या रविवारी आईनं कोणाला सूपासाठी आत बोलावलं नाही. वाटी परसात आणून द्यायची. आणि बोर्तोलोचं नाव तिनं घेतलं नाही. 'तो' म्हणायची.

गावात बोभाटा झालाच. ओक्ताव्ह हा आमच्या दिवेघराचा मुख्य आणि सोसायटीचा चिटणीस. मिशीला मेण लावणारा, नियमावर जगणारा माणूस. तो कागदच घेऊन आला. "फेर्नां, इथे सही कर. तक्रार कंपनीकडे जाईल, आणि हा माकारोनी शनिवारच्या गाडीत असेल." त्यात काही खोटं नव्हतं. करार मोडला म्हणायचं नि परत पाठवायचं, असं कितीकांचं झालं होतं. आणि बोर्तोलोच्या गावी आई, दोन बहिणी आणि जाकोमिना नावाची मुलगी, लग्नाचे दिवस मोजत बसलेली.

बाबा म्हणाले, "तो गेला तर करडीला शेवटचं पाहिलेलं माणूस इथे कोण राहील? तू पाहिलीस?"

"मग काय, शिक्षाच नाही?"

"शिक्षा आहे," बाबा म्हणाले, आणि परसातल्या पोत्यांमागून ते आखूड पायाचं स्टूल ओढून काढलं. बोर्तोलोला बोलावून दाखवलं. "बार्सिलोनाहून माझा पक्षी या ढाबळीत शिरेपर्यंत दर रविवारी इथे बसायचं. बोलायचं नाही. वर बघायचं."

"किती रविवार, मोस्यू?"

"मी बारा वर्षं बघतोय."

बोर्तोलोनं टोपी काढली. "बसतो," तो म्हणाला. आणि मग आपणहून म्हणाला, "शीळ पुन्हा कधी घालणार नाही."

तो बसला. पहिलं वर्ष लोक भिंतीवरून बघायला यायचे. गुत्त्यात टोमणे चालायचे : फेर्नांनं चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आता एकेक करून सगळी रश्शात जाणार. बोर्तोलो डावीकडे कलून वर बघत बसायचा. पण झालं असं की पाखरं पकडणाऱ्याच्या पोराचे डोळे होते ते. आमच्या माणसांना क्षितिजावर ठिपका दिसायच्या आधी तो स्टुलावरून उठायचा. बोलायला बंदी, म्हणून फक्त उठून उभा राहायचा. दुसऱ्या वर्षापासून शेजारचे आभाळाकडे बघेनासे झाले, बोर्तोलोकडेच बघायचे. तो उठला की आपापले डबे हातात घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी बाबांनी बोलायची बंदी उठवली, कारण त्यांना स्वतःलाच राहवेना. पिल्लांना दाणा कसा द्यावा यावरून दोघांची भांडणं व्हायची.

"तुमच्याकडे पक्ष्यांचा एकच उपयोग माहीत," बाबा म्हणायचे.

"तुमच्याकडे स्वयंपाकाचा तोही माहीत नाही," बोर्तोलो म्हणायचा. आई आतून भांडं आपटायची.

त्याच वर्षी जाकोमिना आली, लग्न झालं, आणि त्यांना चाळीच्या टोकाचं घर मिळालं. पहिल्याच रविवारी, आपल्या गावच्या रीतीप्रमाणे, तिनं खिडकीत पांढरीशुभ्र गादी टाकली. बोर्तोलो स्टुलावरून उठला आणि धावत सुटला. पूर्ण गल्ली डबे घेऊन सरसावली. तो गादी आत ओढून परत आला तेव्हा चाळ हसून हसून लोळत होती. मला वाटतं त्या दिवशी लोकांनी त्याला थोडंसं आपलं म्हटलं. पाटी मात्र गुत्त्याच्या दारावर होती तिथेच राहिली, आणि सोसायटीचा नियमही : परदेशी माणसानं शर्यतीच्या घड्याळात वळं टाकायचं नाही.

ते घड्याळ म्हणजे एक लाकडी पेटी. पक्षी ढाबळीत आला की त्याच्या पायातलं रबरी वळं काढायचं, पेटीत टाकायचं, चावी फिरवायची. ठक्. आत कागदावर वेळ उमटते. पक्षी तासभर छपरावर बसून राहिला तर आला असं धरत नाहीत. वळं पेटीत पडलं, तरच आला.

दर जुलैत एक पक्षी बार्सिलोनाला जात होता आणि येत नव्हता. इकडे खाणीची धूळ बाबांच्या छातीत बसत होती. छप्पन्नमध्ये त्यांना खाली जायला मनाई झाली. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि एक वाक्य तीन श्वासांत बोलायचे. डॉक्टरनं आईला सांगितलं, पुढच्या जुलैचं काही बोलू नका. त्या वर्षी करडीची नात शर्यतीला होती. बोर्तोलोनंच वाढवलेली, आजीसारखीच राखी. तिला नावच ठेवलं नाही. नात, एवढंच. शर्यतीच्या टोपलीत घालून देताना बाबा तिच्या कानाशी काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. बोर्तोलोनं तोंड फिरवलं होतं.

रविवारी साडेअकराला बोर्तोलो स्टुलावरून उठला.

सगळ्या गल्लीनं डबे उचलले. खिडक्यांत माणसं, भिंतींवर माणसं. काळ्या डोंगराच्या उजव्या अंगानं, खालून, अगदी खालून ती आली. आमच्या परसावरून एक फेरी मारली आणि पलीकडच्या शेडीच्या पत्र्यावर जाऊन बसली. तोच पत्रा. आजी बसली होती तिथेच.

बोर्तोलोनं डबा वाजवला. ती हलली नाही. पुन्हा वाजवला. तिनं डोकं पंखात घातलं. दमलेली होती बिचारी, तिच्या लेखी घर आलं होतं. एक मिनिट गेलं. मी खिडकीत बाबांच्या मागे उभी होते. त्यांची बोटं खिडकीच्या लाकडात रुतली होती.

"शीळ," बाबा म्हणाले. श्वास घेतला. "घाल."

बोर्तोलो वळला. चेहरा पांढराफटक. "ती नको, मोस्यू. मी शब्द दिलाय. दुसरं काहीही सांगा."

"तीच."

"त्या शिळेनं आम्ही मारतो."

"तिला..." बाबांना श्वास पुरेना. "तिला कुठे माहीत आहे ते?"

बोर्तोलोनं डोळे मिटले आणि शीळ घातली.

मी पाच वर्षं ऐकत होते की या माणसाला शीळ येते, पण ऐकली पहिल्यांदा. काय सांगू? ती माणसाच्या तोंडातून आल्यासारखी वाटतच नव्हती. हळू, गोल, खालून वर चढत जाणारी. आमच्या गल्लीत कोळशाच्या धुराखेरीज काही नसतं, पण त्या घटकेला कोणीतरी डोंगरावरची सकाळ आणून परसात ठेवली असं वाटलं. ओक्ताव्ह पलीकडच्या भिंतीशी उभा होता, त्याचा हात मिशीवरच थांबला. आई चुलीपासून दारापर्यंत आली. आणि पत्र्यावरची नात उठली, वीस पावलांची हवा ओलांडून आली आणि बोर्तोलोच्या उजव्या हातावर बसली.

घड्याळ तिथेच हातभर अंतरावर होतं. पण तो परदेशी. त्यानं पेटी डाव्या बगलेत मारली, पक्षी छातीशी धरला आणि तो परस ओलांडून खिडकीशी आला. धावला नाही, दमलेल्या जिवाला धक्का नको म्हणून. तेवढ्यात मिनिटभर गेलं असेल, आणि त्या मिनिटानं नात सोसायटीत दुसरी आली. 

बाबांनी वळं काढलं, पेटीत टाकलं, चावी फिरवली. ठक्. सतराव्या खेपेला बार्सिलोनाहून त्यांचा पक्षी घरी आला. गल्लीतल्या लोकांनी टोप्या काढल्या होत्या.

मग बाबांनी बंडीच्या खिशातून एक काड्यापेटी काढली. ती उघडून बोर्तोलोपुढे धरली. आत करडीचं रबरी वळं होतं.

"हे... तू टाक."

"मी परदेशी आहे, मोस्यू. ओक्ताव्ह बघतोय."

"बघू दे. तू खाल्लीस. तूच... घरी आण."

बोर्तोलोनं ते वळं पेटीत टाकलं आणि चावी फिरवली. ठक्. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातात नात होती.

संध्याकाळी पेटी गुत्त्यात नेली ती मी. बोर्तोलो बाहेर पाटीखाली उभा राहिला. ओक्ताव्हनं सगळ्यांसमोर पेटी उघडली. त्यात दोन वळी. त्यानं दुसरं उजेडात धरून नंबर वाचला आणि थांबला.

कोणीतरी मागून म्हणालं, "वरातीमागून घोडं आलं की, ओक्ताव्ह!" दोघं-तिघं हसले.

ओक्ताव्ह हसला नाही. दाराकडे बघून त्यानं विचारलं, "हे कोणी टाकलं?"

"मी," बाहेरून आवाज आला.

ओक्ताव्हनं नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. मला वाटलं संपलं, आता बाबांची नातही बाद. त्यानं वाचलं, "चालू शर्यतीत परदेशी इसमाने घड्याळात वळे टाकू नये." पुस्तक मिटलं. "ही शर्यत बावन्न सालची. ती चालू नाही. बंद शर्यतीबद्दल नियम नाही."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. दिवेघरात एखादा खिळा रिकामा राहिला की रात्र रात्र न बोलता बसणारा माणूस होता तो. "मारिएत," तो म्हणाला, "उशिरा आलेला दिवाही आपण खिळ्याला अडकवून घेतो ना?"

"घेतो, मोस्यू ओक्ताव्ह."

त्यानं लेखणी बुडवली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "राखी मादी. मालक फेर्नां लकॉक. बार्सिलोना ते ब्वा-कार्लिए. पाच वर्षं, तीन दिवस, पाच तास."  मी तिथल्या तिथे रडले, लाज वाटली नाही.

घरी आल्यावर बाबांनी बोर्तोलोला जवळ बोलावलं. "सुटलास," ते म्हणाले. "शिक्षा संपली." बोर्तोलो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो नुसताच उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत फिरवत. मग म्हणाला, "बरं, मोस्यू," आणि मागच्या दारानं गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मोसम चालूच होता, आमचे तीन पक्षी बोर्दोहून यायचे होते. बाबा खिडकीत बसून परसाकडे बघत होते, आभाळाकडे नाही. स्टुलाच्या जागी तर स्टूलही दिसत नव्हतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. आईनं एकदम ॲप्रन सोडला, डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली. मी तिच्या मागे गेले. चाळीच्या टोकाला जाऊन तिनं इटालियन माणसाचं दार वाजवलं, जन्मात पहिल्यांदा. पुढचं दार.

बोर्तोलोनंच उघडलं. रविवारचा कोट घालून, तयार होऊन बसला होता.

"काय झालं? आजारी आहात?" आईनं विचारलं.

"नाही, बाई. शिक्षा संपली ना माझी. आता कुठल्या नात्यानं येऊ?"

आई डोक्यावरचा रुमाल घट्ट करत राहिली. मग म्हणाली, "घंटा झाल्यावर त्यांना आत मी बोलावलं होतं, बोर्तोलो. सूपासाठी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "आमच्या शेडीत हाक ऐकू आली होती."

पाच वर्षं त्याला हे माहीत होतं आणि तो एकटा स्टुलावर बसला होता. आईनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग नेहमीच्या आवाजात ओरडली, "चला आता! पक्षी काय तुमच्या नात्यासाठी थांबणार आहेत?"

तो आमच्याबरोबर आला, मागच्या दाराकडे वळला, तर आईनं कोपर धरून त्याला पुढल्या दारातून घेतलं. परसात जाऊन तो ढाबळीच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

"माझं स्टूल कुठाय?"

"सकाळी चुलीत घातलं," आई म्हणाली. तिनं आतून पाठ असलेली, हातांची खुर्ची ओढत आणली, बाबांच्या खिडकीखाली ठेवली आणि डोक्याचा रुमाल सोडून त्यानं पुसली. "बसा. सूप इथेच आणते."